राज्य कुणावर?

संगमेश्वर तालुक्यातल्या तिच्या गावात वीज आली तेव्हा ती पाचवीत होती. त्याआधी दिवेलागण झाली की पडवीत कंदिलाभोवती घरातली आणि शेजारची पोरं जमायची. आजी मोड आलेल्या वालांचं पातेलं मध्ये ठेवायची आणि सगळ्यांना सोलायला बसवायची. हात कामात, तोंड मोकळं, म्हणून मग कोडी. दाढी-मिशा लांब असलेले पाटीलबुवा कोण? मक्याचं कणीस. एवढंसं पोर, पण सगळं घर राखतं, ते कोण? कुलूप. सूपभर लाह्यांत एकच रुपया, तो कुठे? पोरं अंगणात धावायची, मान वर करायची आणि चांदण्यांच्या गर्दीत चंद्र सापडायचा.

आजीचा नियम एकच होता. ज्यानं कोडं सोडवलं, त्यानं पुढचं घालायचं.

ठेवणीतली कोडी दोन-चार संध्याकाळींत संपत. मग नवी रचावी लागत. तिनं रचलेलं पहिलं कोडं विहिरीवरच्या पोहऱ्याचं होतं: दिवसभर बुचकळ्या मारतो, तरी याची अंघोळ होत नाही. ते सुचण्याआधी पाणी शेंदताना पोहऱ्याकडे तिनं कधी निरखून पाहिलंच नव्हतं. आता तिला दिसलं की तो पाण्याला टेकला की आडवा होतो, मग भरतो, मग जड होऊन वर येतो. कोडं घालायचं तर वस्तू आधी नीट बघावी लागते, ही शिकवण तिला कुणी शब्दांत दिली नाही. ती विहिरीवर मिळाली.

पुढे वाचायला लागल्यावर तिला कळलं की प्रश्नांचा हा खेळ फार जुना आहे. महाभारताच्या वनपर्वात तळ्याकाठचा यक्ष युधिष्ठिराला विचारतो, वाऱ्याहून वेगवान काय? मन. गवताहून संख्येनं जास्त काय? चिंता. मुंगीनं सूर्याला गिळल्याचं सांगणारा मुक्ताबाईंचा कूट अभंगही तिनं आजीच्याच तोंडून ऐकला होता. आणि ‘चांदोबा’त तर वेताळ होताच. हे मासिक मराठीत १९५२ पासून निघायला लागलं आणि विक्रम-वेताळाच्या गोष्टी घरोघरी गेल्या. मूळ पंचवीस गोष्टी अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही आहेत. त्यातली अट भयंकर. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. यक्षाच्या तळ्यावरही चार भाऊ मरून पडलेले होते.

शाळेतला प्रश्न याच जातीचा निघाला. बाकावरून उठून उभं राहायचं आणि उत्तर आलं नाही तर हात पुढे करायचा. घरी येणारे पाहुणेही तेच करत, फक्त छडीशिवाय. सात आठे किती? मोठेपणी कोण होणार? आई जास्त आवडते की बाबा? शेवटच्या प्रश्नाला काहीही उत्तर दिलं तरी कुणीतरी हसायचं आणि कुणीतरी खोटंखोटं रुसायचं. पडवीतल्या कोड्यांत राज्य सगळ्यांवर पाळीपाळीनं येई. पाहुण्यांच्या प्रश्नांत ते कायम मुलांवरच असे. मुलानं उलट काही विचारलं तर त्याला आगाऊ म्हणत.

डी.एड.च्या वसतिगृहात तिला खेळाची आणखी एक बाजू दिसली. रात्री मुली गोल करून बसत, बाटली फिरवत. जिच्याकडे तोंड होईल तिनं खरं उत्तर द्यायचं, नाहीतर सांगितलेलं करून दाखवायचं. सुरुवातीला मजा होती. सर्वांत विचित्र स्वप्न कोणतं? घरचा कुठला पदार्थ इथे आठवतो? हळूहळू प्रश्न लग्नाकडे, प्रेमाकडे, वडिलांच्या कमाईकडे वळले. एका रात्री एक मुलगी उत्तर न देता उठून गेली आणि दुसऱ्या दिवशी ती गोष्ट वसतिगृहभर झाली होती. खेळ तोच, बाटली तीच. फरक इतकाच की विचारणारीला उत्तर नको होतं, समोरची कोंडीत सापडलेली हवी होती.

नोकरी लागली ती जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिली ते चौथीच्या वर्गांवर. तिथे प्रश्न विचारणं हे तिचं कामच झालं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या होत्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, मग दुसऱ्याकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर सांगून टाकतात, असं रो यांना दिसलं. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. एका प्रशिक्षणात हे ऐकल्यावर बाईंनी वर्गात मनातल्या मनात एक-दोन-तीन म्हणायला सुरुवात केली. त्या तीन सेकंदांत मागच्या बाकावरची ओठांची हालचाल दिसायची. तोवर ती कधी नजरेत भरली नव्हती.

त्याच सुमारास एका शिबिरात तिला ‘वीस प्रश्न’ हा खेळ मिळाला. एकानं मनात वस्तू धरायची. बाकीच्यांनी फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे आणि विसाच्या आत ती ओळखायची. अमेरिकेत १९४६ पासून आणि बीबीसीवर १९४७ पासून हा खेळ रेडिओवर गाजला. लागतं काय? काही नाही. खडूसुद्धा नको.

हा खेळ दिसतो त्याहून बलवान आहे. प्रत्येक प्रश्नानं उरलेल्या शक्यता निम्म्या केल्या, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींमधून एक शोधता येते. म्हणजे कुणी एक ते दहा लाखांमधला आकडा मनात धरला, तर ‘पाच लाखांपेक्षा मोठा आहे का?’ इथून सुरू करून विसाच्या आत तो हमखास सापडतो. तिसरीतल्या मुलांसाठी बाई एक ते शंभर घेत. तिथे सात प्रश्न पुरतात. ‘सदतीस आहे का? बासष्ट आहे का?’ असं अंदाज फेकणारी मुलं एक दिवस ‘पन्नासपेक्षा मोठा?’ विचारू लागतात आणि तो दिवस वर्गात कळतो. सगळ्यांचे आवाज चढतात.

या बदलाचा अभ्यासही झालेला आहे. जेरोम ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९६६ सालच्या ग्रंथात मोशर आणि हॉर्न्सबी यांनी मुलांपुढे ओळखीच्या वस्तूंची ४२ चित्रं मांडून हाच खेळ घेतल्याचं वर्णन आहे. सहा वर्षांची मुलं बहुतेक एकेक वस्तूवर बोट ठेवत: हातोडी आहे का? कुत्रा आहे का? अकरा वर्षांची मुलं गटाबद्दल विचारत: हत्यार आहे का? खेळायचं आहे का? बाईंनी हे वाचलं तेव्हा त्यांना आपले विद्यार्थी डोळ्यांपुढे आले. फक्त एक गोष्ट त्यांनी त्यात आपल्या अनुभवातून घातली. पहिलीतल्या मुलाला हा खेळ लिंबूटिंबू म्हणून खेळू द्यावा, प्रश्नांची मोजदाद त्याला लावू नये. मोठ्यांचे प्रश्न ऐकत ऐकत ते स्वतःच गट करायला शिकतं.

जुलै २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि मधल्या सुट्टीत मुलं तेच खेळू लागली. एक अमिताभ, एक समोर बसलेला, बाकी प्रेक्षक. बाईंनी ते थांबवलं नाही. मुलं प्रश्न शोधण्यासाठी पुस्तकं चाळत होती, हे थोडं नव्हतं. पण त्या खेळात उत्तर आधीच चार पर्यायांत बसलेलं असे आणि एकाचं चाललेलं असताना तीस जण बघत बसत. म्हणून बाईंनी प्रेक्षकांना काम दिलं. उत्तर बरोबर ठरलं की प्रेक्षकांतल्या कुणीतरी त्यावर ‘का?’ विचारायचं. का-ला पर्याय नसत, त्यामुळे मग सगळा वर्ग बोलायचा, बाईसुद्धा.

निवृत्तीनंतर ती रत्नागिरीत राहायला आली. मे महिन्यात नातवंडं येतात आणि सोबत त्यांचे फोन येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभराहून जास्त स्क्रीन नको आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको, असं त्यात आहे. त्याच सूचनांमधलं पुढचं वाक्य तिला जास्त महत्त्वाचं वाटतं: मूल बसून असेल तेव्हा मोठ्यांनी त्याच्यासोबत वाचावं, गोष्टी सांगाव्यात. फोन काढून घेतल्यावर मुलाच्या हाती काय द्यायचं, हे त्यातून कळतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लहान मुलांच्या घरगुती संभाषणांची मोजणी केली होती. मोठ्यांशी बोलताना मुलं माहिती मिळवण्यासाठी तासाला सरासरी ७६ प्रश्न विचारत होती. इतके प्रश्न घेऊन बसलेल्या मुलाला खेळणं शोधायला लांब जावं लागत नाही. त्याच्या शेजारी कुणीतरी मोकळं बसलेलं हवं.

हे मोकळेपण कोकण रेल्वे आयतं देते. या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत आणि रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. आत शिरलं की रेंज जाते, व्हिडिओ अडकतो आणि मुलं वर बघतात. तेवढ्यात आजी मनात वस्तू धरते. बोगदा संपला तरी प्रश्न संपलेले नसतात, आणि बऱ्याचदा समोरच्या बाकावरचे अनोळखी काकाही हळूच एक प्रश्न विचारतात.

आता रविवारी सकाळी तिच्या घरी आसपासची मुलंही येतात. तिथे ‘हे की ते’ सर्वांत रंगतं. माशासारखं पाण्यात राहता आलं तर आवडेल की पक्ष्यासारखं उडता आलं तर? पाऊस वर्षभर रोज थोडाथोडा हवा की चार महिने धो धो? यावरून एकदा भाताच्या लावणीपर्यंत आणि गटारांपर्यंत चर्चा गेली. काही प्रश्न घराबद्दल असतात. घरातलं कुठलं काम कुणाच्या लक्षातच येत नाही? फ्रिजमधल्या बाटल्या भरणं, असं एका मुलानं सांगितलं आणि ते काम त्याच्याकडेच असल्याचं सगळ्यांना कळलं.

नियम मुलांनी आणि तिनं मिळून केले आहेत. जो विचारेल त्यानं त्याच प्रश्नाचं उत्तर स्वतःही द्यायचं. ‘पास’ म्हटलं तर कारण विचारायचं नाही आणि शिक्षा नाही. कुणाचा रंग, अंगकाठी, मार्क, जात, घरातला पैसा आणि कोण कुणाला आवडतं, यांवर प्रश्न नाही. माणसांमधून माणूस निवडायला लावायचं नाही, त्यामुळे आई की बाबा हा प्रश्न कायमचा बाद. एका मुलीनं विचारलं, आजी की मावशी असं तरी चालेल का? मुलांनीच नाही म्हटलं. रडीचा डाव कुणी खेळलं तर त्याला चिडवायचं नाही, फक्त त्याची पाळी पुढे ढकलायची. तिला स्वतःला उत्तर देणं सर्वांत जड जातं, कारण मुलं तिला फार खरे प्रश्न विचारतात. तुला शाळेत मारलं होतं का? तू मारलंस का कुणाला? ती उत्तर देते.

गेल्या पावसाळ्यात वीस प्रश्नांच्या खेळात एका मुलानं दगडफूल मनात धरलं. ते वनस्पती आहे का, यावर खेळ अडला. गोड्या मसाल्यातलं हे दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र राहणं, त्यामुळे सरळ हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. पुढच्या रविवारी दही आलं. सजीव आहे का? विरजणातले जिवाणू जिवंत असतात, दूध नसतं. मग वालाचं बी आलं. बरणीतलं कोरडं बी जिवंत धरायचं की नाही, यावर दोन तट पडले. आजीनं त्यांना मसाडाच्या खजुराची हकिकत सांगितली. इस्राएलमधल्या त्या किल्ल्यावर १९६० च्या दशकातल्या उत्खननात खजुराच्या बिया मिळाल्या होत्या. त्यांतली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक बी २००५ साली रुजली आणि तिचं झाड झालं.

ते ऐकून हो-नाहीच्या जोडीला मुलांनी तिसरं उत्तर मंजूर करून घेतलं: झोपलंय. त्याचा अर्धा प्रश्न मोजायचा, असंही ठरलं. तेव्हापासून हे उत्तर कुठेही लागू पडतं का, याची तपासणी चालू आहे. अंदमानातला बॅरन बेटाचा ज्वालामुखी शंभराहून अधिक वर्षं शांत राहून १९९१ मध्ये उसळला, तो तेव्हा झोपलेला होता हे सर्वांना पटलं. उन्हाळ्यातली मातीतली बेडकं, मान्य. बंद पडलेलं घड्याळ, अमान्य, कारण ते आपणहून उठणार नाही. पुढच्या रविवारी ढगाचा निकाल लागायचा आहे. दोन मुलं त्यासाठी पाचवीचं आणि सहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन येणार आहेत आणि आजीला यावेळी पंच होता येणार नाही, तिनं एक बाजू घ्यायची असं त्यांनी बजावून ठेवलं आहे.