पानाचा वरचा अर्धा भाग

माझ्या दवाखान्यात आहारविषयक सूचनांचा एक छापील कागद आहे. मधुमेहाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या हाती तो मी गेली वीस वर्षे देत आलो. त्यातील तिसरी सूचना होती, 'बाहेरचे खाणे पूर्णपणे बंद करावे.' ही सूचना मी नुकतीच खोडली. ती का खोडली हे सांगण्यासाठी आज आपणांस मुंबईतल्या माटुंग्याच्या एका खानावळीत घेऊन जाणार आहे. सोबत माझे एक रुग्ण आहेत. त्यांची संमती घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आपण त्यांना नुसते 'काका' म्हणू.

काकांचे वय एकाहत्तर. पत्नी निवर्तल्यावर ते कुर्ल्याच्या घरी एकटे राहू लागले. रोज दुपारी धीमी लोकल पकडून ते माटुंग्यास जात, केळीच्या पानावर पोटभर जेवत आणि चारच्या आत घरी परतत. दीड वर्षापूर्वी त्यांच्या रक्तातील तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ८.६ आला. मी औषध सुरू केले, छापील कागद दिला आणि तिसऱ्या सूचनेवर लाल पेनाने रेघ ओढली. काका शिस्तीचे गृहस्थ. सहा महिन्यांनी तो आकडा ६.४ झाला. मी त्यांची पाठ थोपटली.

मग त्यांना वजनकाट्यावर उभे केले. ६६ किलोचे काका ५९ किलोंवर आले होते.

प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. काकांचे दहा टक्क्यांहून अधिक घटले होते. छातीचा एक्स-रे, थायरॉइड, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या असे सारे झाले. वाईट काही निघाले नाही. जो प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो तेव्हा कोठे माझ्या तोंडून बाहेर पडला. ''काका, दिवसभरात जेवता तरी काय?''

''सकाळी चहा-टोस्ट. दुपारी कुकरला थोडी खिचडी लावतो. रात्री बहुधा दूध-बिस्किटे. बाहेरचे तुम्ही बंद केलेत ना डॉक्टर? आणि एकट्यासाठी काय रांधायचे!''

त्यांची साखर औषधाने उतरली होती, तशी उपासमारीनेही उतरली होती. म्हातारपणी असे वजन घटते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मग पायांतले बळ जाते, तोल जातो, आणि एका पडण्याने माणूस अंथरुणास खिळू शकतो. हे मी विद्यार्थिदशेतच शिकलो होतो. तरीही कागदावरच्या आकड्यावर समाधान मानून बसलो. म्हणून एका गुरुवारी दवाखाना दुपारी बंद ठेवून मीच काकांना घेऊन माटुंग्यास निघालो.

मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकावर केवळ धीम्या गाड्या थांबतात. २०१७ पासून या स्थानकाचा कारभार महिला कर्मचारी चालवतात. पूर्वेला बाहेर पडताच वातावरण पालटते. मोगऱ्याचे आणि अबोलीचे गजरे, केळफुले, शेवग्याच्या शेंगा, केळीच्या पानांच्या गुंडाळ्या, नुकत्याच दळलेल्या कॉफीचा दरवळ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आखून वसवलेल्या या उपनगरात दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेली कुटुंबे स्थिरावली, आणि त्यांच्या मागोमाग उडुपी-मंगळूरच्या बाजूने पोटासाठी मुंबई गाठलेल्या माणसांनी येथे उपाहारगृहे व खानावळी काढल्या.

'उडुपी' हे नाव आपण इतक्या सहजपणे घेतो, की त्यामागचे गाव विस्मरणात जाते. कर्नाटकातील उडुपीचा श्रीकृष्ण मठ मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात स्थापला. तेथे अन्नदानाची परंपरा मोठी आहे. मठाच्या पाकशाळेत कांदा-लसूण वर्ज्य. चातुर्मासात तर एका महिन्यात भाज्या, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल धान्ये सोडण्याचे व्रत असते. शेकडो जणांना रोज ताजे, साधे आणि एकाच पंक्तीत वाढायचे, ही सवय तेथली मंडळी शहरांत घेऊन आली. स्वस्त असूनही स्वच्छ असा लौकिक त्यातूनच तयार झाला.

आम्ही गेलो ते १९४२ साली ए. रामा नायक यांनी सुरू केलेल्या 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग'मध्ये. स्थानकापासून चार पावलांवर, मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. शीवच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना, १९९० च्या सुमारास, महिनाअखेरीस खिशाचा अंदाज घेऊन आम्ही मित्र येथे येत असू. आजही कामगार, कारकून, विद्यार्थी आणि मोटारीतून आलेले कुटुंब एकाच रांगेत थांबते. जागा मिळेल तेथे, अनोळखी माणसाच्या शेजारी बसावे लागते. जिना चढताना काका दोनदा थांबले. वर्षापूर्वी हाच जिना ते एका दमात चढत असत.

आम्ही बसलो. वाढपी पान मांडता मांडता काकांकडे पाहून थबकला. ''काका! कितने दिन बाद! तबियत खराब थी क्या?'' काकांनी माझ्याकडे बोट दाखवले आणि हसून म्हणाले, ''यांनी बंद केले होते.'' मी पानावर पाणी शिंपडण्यात गुंतल्याचे दाखवले.

वाचकहो, आता त्या पानाकडे जरा लक्षपूर्वक पाहा. दक्षिणेच्या रीतीप्रमाणे पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे असते. मधली शीर पानाचे दोन भाग करते. वरच्या अर्ध्या भागात लोणचे, कोशिंबीर, सुकी भाजी, रस्साभाजी. खालच्या अर्ध्यात चपाती किंवा पुरी आणि नंतर भात. आज आहारतज्ज्ञ सांगतात की अर्धे ताट भाज्या आणि फळांनी भरलेले असावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंतच असावी. केळीच्या पानाने ही आखणी आधीच करून ठेवली आहे. आपण बिघडवतो ती प्रमाणे. वरचा अर्धा भाग चाखण्यापुरता उरतो आणि खालच्या अर्ध्यावर भाताचा डोंगर चढतो. काका पूर्वी नेमके तेच करीत. तीनदा भात, दोन पापड, वर पायसम. त्यांच्या ८.६ चे मूळ खानावळीत नव्हते, त्या तिसऱ्या भातात होते. आणि मी खानावळच बंद केली.

त्या दुपारी आम्ही क्रम बदलला. आधी कोशिंबीर आणि दोन्ही भाज्या संपवल्या आणि वरचा अर्धा भाग दुसऱ्यांदा वाढून घेतला. मग वाटीभर डाळ, एका चपातीसोबत. भात सर्वांत शेवटी, एकदाच, सांबाराबरोबर. आणि शेवटच्या चार घासांवर दही. भाज्या आणि प्रथिने आधी, पिष्ट पदार्थ नंतर, असा क्रम ठेवल्यास जेवणानंतर रक्तातील साखर तुलनेने कमी उसळते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. ''डॉक्टर, इथेही प्रिस्क्रिप्शन?'' काकांनी विचारले खरे, पण क्रम पाळला. वाढपी दुसऱ्यांदा भात घेऊन आला तेव्हा त्यांनी पानावर तळहात आडवा धरला.

रसमबद्दलही सांगायला हवे. चिंचेचा कोळ, मिरे, जिरे, तुरीच्या डाळीचे पाणी. त्याने रोग बरे होतात असे मी म्हणणार नाही. मात्र ज्याची भूक मेली आहे अशा वृद्धाला गरम, आंबटसर, पातळ पदार्थाने जेवणाकडे वळवता येते, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. काकांनी रसमची वाटी दोन्ही हातांत धरून संपवली आणि म्हणाले, ''ही असेच करायची.'' पत्नीचा उल्लेख त्यांनी माझ्यासमोर त्या दिवशी प्रथमच केला. मीही तोवर कधी विचारले नव्हते.

समोरच्या बाकावर कोणी तरुण बसला होता. त्याने काकांकडे लोणच्याची वाटी सरकवली, काकांनी त्याला गाव विचारले आणि दोघांचे बोलणे सुरू झाले. त्यांनी जेवायला चाळीस मिनिटे घेतली. घरी खिचडी किती वेळात संपते, असे मी विचारले. ''उभ्याउभ्याच खातो की,'' काका म्हणाले. जेवण झाल्यावर त्यांनी पान वरून खाली, आपल्याकडे दुमडले. तृप्त झाल्याची ती तिथली खूण.

आता आपल्या उपयोगाच्या काही गोष्टी. अशा खानावळीत जाताना सर्वांत अधिक सावध राहायचे ते मिठाबाबत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरापेक्षाही कमी मीठ खाण्यास सांगते. सांबार, रसम, लोणचे, पापड आणि खारे ताक एकाच जेवणात आले की यातला मोठा वाटा तिथेच संपतो. रक्तदाब असल्यास लोणचे व पापड नाकारावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारूनच असे जेवण घ्यावे. 'अमर्याद' या शब्दाचा उपयोग भाजी व डाळीसाठी करावा, भातासाठी नव्हे. पुरीऐवजी चपाती मागावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रांगेत ताटकळत उपाशी राहू नये. जेवल्यावर लगेच रिक्षात न बसता पंधरा मिनिटे चालावे. आम्ही फुलबाजारातून सावकाश चालत स्थानकावर आलो. आणि शाकाहारी रुग्ण दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेत असेल, तर ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी विसरू नये. काकांचे तेही कमीच निघाले होते.

आता काका आठवड्यातून चार दुपारी माटुंग्यास जातात. घरच्या जेवणात दही, मोड आलेली कडधान्ये आणि शेंगदाणे वाढवले आहेत. गेल्या तपासणीत एचबीएवनसी ७.१ होता आणि वजन ६३ किलो. पूर्वीच्या मला ६.४ अधिक आवडला असता. त्यांच्या वयाला आणि प्रकृतीला ७.१ मला पुरेसा वाटतो. जिना ते पुन्हा न थांबता चढतात.

आपल्या घरात किंवा शेजारी कोणी एकटे जेवणारे वडीलधारे असतील, तर त्यांच्या तपासणीच्या कागदाबरोबर त्यांचा कमरेचा पट्टाही पाहा. पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले असेल, तर त्यांच्यासोबत बसून एक जेवण घ्या. त्यांच्या हालचालींना जिना झेपत असेल आणि जवळ एखादी स्वच्छ, साधी खानावळ असेल, तर तिथे घ्या.

माझ्या छापील कागदावर आता तिसऱ्या क्रमांकावर सूचना नाही. तिथे एक प्रश्न छापून घेतला आहे, 'आपण कोणाबरोबर जेवता?' त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय मी चौथ्या सूचनेकडे वळत नाही.