शाळा सुटल्यानंतरचे तास

शिक्षणाने समाज बदलतो, हे आपण इतक्या सहज म्हणतो की ते तपासायचे राहूनच जाते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांच्या मते शाळा नव्या पिढीला समाजाच्या रीतीभातींत मुरवते. पिएर बोर्दिय आणि ज्याँ-क्लोद पासरों यांनी १९७० साली पुढचे मांडले: घरून आलेली भाषा आणि वळण यांनाच शाळा गुणवत्ता ठरवते, आणि जुनी उतरंड कायम राहते. महाराष्ट्राला हे फ्रान्सकडून कळायची वाट पाहावी लागली नव्हती. १८८२मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हिशेबच मांडला होता, की सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गांची मुले.

तरीही इथे काही बदलले, ते मला वाटते वर्गापेक्षा वसतिगृहामुळे अधिक. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले १९०१ साली. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला १९१७मध्ये. फी माफ झाली तरी खेड्यातल्या पोराने शहरात जेवायचे कुठे, निजायचे कुठे, आणि अडलेले गणित विचारायचे कोणाला? शिकलेल्या घरात हे सारे आपसूक मिळते आणि निकालात त्याचीच हुशारी होते. परीक्षा तर सर्वांना एकच, असे कुणी म्हणेल. प्रश्नपत्रिका एकच असते. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचे तास एकसारखे नसतात.

याहून अवघड आक्षेप असा, की कोल्हापुरातली बोर्डिंगे बहुतेक जातवार होती, म्हणजे त्यांनी जात घट्टच केली. यात तथ्य आहे. पण ज्या समाजाला गावात पाठबळ नव्हते, त्याला शहरात ते तिथेच मिळाले. आणि पुढचे पाऊल भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यातल्या वसतिगृहात टाकले, जिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली. ही पंगत कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. आज सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून खात्यात पैसे मिळतात. ते हवेतच, खोलीभाडे आणि मेसचा डबा त्यातूनच भागतो. मात्र एकेकट्याच्या खात्यावर जमा झालेल्या रकमेतून रात्री शेजारच्या खाटेवर बसून गणित सोडवून दाखवणारा मोठा मुलगा मिळत नाही, आणि बांधायची राहिलेली वसतिगृहे तिच्या आड सोयीस्करपणे विसरली जातात.