पळून गेलेल्या गाडीचा विमा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागच्या दिवाळीत धाडला गेलो होतो. बुलढाण्याच्या रस्त्यावर संध्याकाळी एका चारचाकीने काकांच्या मोटारसायकलला मागून उडवलं आणि न थांबता निघून गेली. मांडीचं हाड मोडलं. काकांना गाडीचा रंगही धड आठवेना.

"नंबरच नाही, त विमा कोनाचा मागावा बाप्पा?" काका म्हणाले. मलाही तेच वाटलं. काकूने बिलासाठी पाटल्या काढून ठेवल्या होत्या.

मग एका वकील मित्राने सांगितलं की गाडी सापडलीच नाही तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली भरपाई मिळते. मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. १ एप्रिल २०२२ च्या आधी हेच २५ हजार आणि साडेबारा हजार होते! अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनीच हे लेखी कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलंय. आम्हाला कुणी कळवलं नाही.

एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, बँकेचं पासबुक... तीन चकरा झाल्या. पैसे यायचेत. पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

काका आता काठीने चालतात. परवा म्हणाले, "थांबला असता त मी त्याले पानी मांगतलं असतं, दुसरं काय?"

असो. एफआयआर मात्र नक्की करा.