सतरा सप्टेंबरची सुट्टी

दोस्तांनो, वर्षातून दोनदा स्वातंत्र्याचं झेंडावंदन करणारी मुलं तुम्हांला ठाऊक आहेत का? छत्रपती संभाजीनगरची मुलं! १५ ऑगस्ट तर साऱ्या देशाचा. पण १७ सप्टेंबरलाही इथे तिरंगा फडकतो आणि मग सुट्टी. पुण्या-मुंबईच्या मुलांना मात्र त्या दिवशी दप्तर उचलावंच लागतं!

असं का? १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे मराठवाड्याला स्वातंत्र्य मिळालं ते ३९९ दिवस उशिरा. मोजून पाहा, १९४८ हे लीप वर्ष होतं बरं का!

या लढ्याचे पुढारी होते स्वामी रामानंद तीर्थ. पण विद्यार्थीही काही मागे नव्हते. १९३८ साली इथल्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या मुलांना ‘वंदे मातरम्’ म्हणायला मनाई झाली. मुलं हटली नाहीत. संप पार हैदराबादपर्यंत पोहोचला. कितीतरी जणांची नावं कॉलेजातून काढून टाकली. पुढे त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला.

एस.टी. स्टँडजवळच्या सिद्धार्थ उद्यानात या मुक्तिसंग्रामाचा स्मृतिस्तंभ आहे. तो जरूर बघा. आणि आणखी एक करा. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते, ते आता पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहेत. तुमच्या गल्लीत असे आजी-आजोबा असतील, तर सुट्टीतला एक तास त्यांच्यापाशी बसा. ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षावर ढकलू नका.