रान म्हणजे शेत

गंगाखेडहून लोह्याकडे निघाले की वाटेत पालम लागते. 'रानात चाललो,' असे इथला माणूस म्हणतो, तेव्हा तो शेतावर निघालेला असतो. रान म्हणजे अरण्य, हा अर्थ केव्हाच नांगराखाली गेला! १९५२ च्या वननीतीने देशाच्या एक तृतीयांश भूमीवर जंगल असावे असे म्हटले. परभणी जिल्ह्यात ते शंभर एकरांत एक-दोन एकरांपलीकडे नाही. पण असली काळी कसदार जमीन झाडांसाठी कोण सोडील? शहरात पंख्याखाली बसून शेतकऱ्याला बोल लावणे सोपे आहे. सरपण संपले तेव्हा चुलीत पऱ्हाट्या गेल्या, गोवऱ्या गेल्या. म्हणजे शेताचे खतच जळाले.

ॲमेझॉनची वर्षावने कुरणांसाठी आणि सोयाबीनसाठी तुटतात. सोयाबीन आज पालमच्या रानांतही डोलते! मात्र तिथला कस मातीत थोडा, झाडांत आणि पाचोळ्यात फार. झाडे पाडली की उघडी माती धो धो पावसात वाहते आणि थोड्याच वर्षांत थकते. शिवाय झाडांनी हवेत सोडलेली वाफच पुढच्या मुलखात पाऊस होऊन पडते; तोही आटतो. पालमच्या मातीने जंगलतोड पचवली, ती माती पचवीत नाही.

दुपारी भाकरी सोडायला माणसे बांधावरच्या एकट्या कडुलिंबाखाली येतात आणि सावलीबरोबर सरकत राहतात.