उद्याचे जग शिळे होते तेव्हा

नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे आईवडील गेले, की नायगारानंतर त्यांना हमखास नेले जाते ते फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डला. तिथे परीकथेतला राजवाडा आहे, मिकी माऊस आहे. आणि एपकॉट नावाचे एक जरा निराळे उद्यानही आहे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ते सुरू झाले, तेव्हा निव्वळ करमणूक हा त्याचा हेतू नव्हता. ऊर्जा, शेती, कल्पनाशक्ती अशा एकेका विषयाचे एकेक दालन. गाडीत किंवा होडीत बसायचे आणि पाहता पाहता शिकायचे. बाहेर पडणाऱ्या मुलाला वाटावे, मोठेपणी आपणही असे काही करावे, एवढीच अपेक्षा.

पण अशा जागेचे एक दुखणे असते. भुताटकीचा वाडा पन्नास वर्षांनीही तितकाच भीतिदायक वाटतो. भविष्यकाळ मात्र पंधरा-वीस वर्षांतच शिळा होतो!

शेजारच्याच मॅजिक किंगडममधला ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ हा खेळ पाहा. वॉल्ट डिस्नेंनी तो १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी करून घेतला. यात रंगमंच जागच्या जागी असतो आणि प्रेक्षकांच्या खुर्च्याच त्याच्याभोवती फिरतात. एकाच कुटुंबाची यंत्रचलित माणसे विसाव्या शतकातली एकेक पायरी दाखवतात. पहिल्या प्रवेशात नवे यंत्र आल्यामुळे कपडे धुवायला आता फक्त पाच तास लागतात, याचा घरातल्या मंडळींना केवढा अभिमान! प्रेक्षक आजही मनापासून हसतात. शेवटचा प्रवेश भविष्याचा. तो अनेकदा बदलावा लागला, आणि १९९३-९४ च्या सुमारास बदलला त्यानंतर वर्षानुवर्षे तेच संवाद चालू राहिले. बोललेले ऐकणारी शेगडी हा त्यातला मोठा चमत्कार. आता घरोघरची मुले यंत्राशी बोलून गाणी लावतात; त्यांना यात कसले नवल? पाच तासांचे धुणे जुने होत नाही, बोलकी शेगडी मात्र होते.

मग बदल करायचा तो कसा? एपकॉटने या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली आहेत.

एक उत्तर म्हणजे सरळ पाडून टाकणे. ‘होरायझन्स’ नावाच्या दालनात समुद्राखाली, वाळवंटात आणि अवकाशात माणूस कसा राहील ते दाखवत. शेवटी बटण दाबून परतीचा मार्ग प्रवाशांनीच निवडायचा. अशा दालनांचा भार मोठमोठ्या कंपन्या उचलत. इथला जनरल इलेक्ट्रिकचा करार १९९३ मध्ये संपला. जानेवारी १९९९ मध्ये दालन कायमचे बंद झाले आणि पुढच्या वर्षी इमारतही पाडली गेली. गंमत अशी, की स्वप्न पाहता येत असेल तर ते साकारताही येते, अशा अर्थाचे जे इंग्रजी वाक्य जगभरच्या कचेऱ्यांत वॉल्ट डिस्नेंच्या नावाने टांगलेले असते, ते त्यांचे नाहीच. डिस्ने १९६६ मध्येच वारले. ते वाक्य टॉम फिट्झगेराल्ड यांनी याच दालनासाठी लिहिले होते. इमारत गेली, वाक्य राहिले.

ऊर्जेच्या दालनाचेही तेच झाले. छतावर सौरपट्ट्या आणि आत डायनासोर असलेले हे दालन २०१७ मध्ये बंद झाले. तिथे २०२२ मध्ये एका चित्रपटावर बेतलेली वेगवान पाळणागाडी आली. रांगा लागतात, तरुण मंडळी खूश असतात. त्यांचा आनंद खोटा कोण म्हणेल? पण कोळसा आणि तेल येते कुठून, हा प्रश्न तिथे आता कोणाला पडणार नाही.

कल्पनाशक्तीच्या दालनात वेगळीच चूक झाली. तिथला फिगमेंट नावाचा जांभळा ड्रॅगन मुलांचा भारी लाडका. १९९९ च्या नूतनीकरणात त्याला जवळजवळ हद्दपारच करण्यात आले. घराची डागडुजी करताना कोणी देवघर पाडते का? प्रेक्षकांनी तक्रारींचा भडिमार केला आणि २००२ मध्ये स्वारी सन्मानाने परतली.

उद्यानाच्या तोंडाशीच १८० फूट उंचीचा चकचकीत गोल आहे. गुहेतल्या चित्रांपासून संगणकापर्यंत माणूस माणसाशी कसा बोलत आला, याची कथा त्याच्या पोटात चालते. कथेची मांडणी करण्यात लेखक रे ब्रॅडबरी यांचा हात होता. इथे हात राखून बदल झाले. निवेदकाचा आवाज तीनदा बदलला, शेवटचे प्रवेश नवे केले. पण पोथीची नक्कल करता करता डुलकी लागलेला भिक्षू जागच्या जागी झोपलेलाच राहिला. मुलांना तो नेमका आठवतो.

शेतीच्या दालनाला मात्र या साऱ्याची फारशी झळ लागली नाही. तिथली होडी आधी देखाव्यांतून जाते आणि मग खऱ्याखुऱ्या काचघरात शिरते. केळी, पपया, मातीवाचून वाढणाऱ्या भाज्या, टाक्यांतले मासे. तिथे पिकलेले काही उद्यानातल्याच उपाहारगृहांत ताटात येते. यात भविष्याचे भाकीत थोडे आणि चालू काम जास्त, म्हणून ते शिळे व्हायला वेळच मिळत नाही. मुळे हवेत लोंबकळणारी रोपे पाहून गावाकडची एखादी आजी नातवाला विचारतेच, “अरे, यांना माती कुठेय?” आणि इतका वेळ कंटाळलेला नातू होडीच्या कडेवरून वाकून बघू लागतो.