बीट, चवळी आणि एक तळटीप

ठाण्यात मैत्रिणीकडे रोश हशानाचं जेवण होतं. बेने इस्रायली याला 'नव्याचा सण' म्हणतात. मुख्य जेवणाआधी लहान वाट्या आल्या: चवळी, उकडलेलं बीट, दुधी, खजूर, डाळिंबाचे दाणे. या तोंडीलावण्यांत खरी गंमत नावांची. बीट म्हणजे 'सिल्का', म्हणून वैरी 'यिस्तलकू', दूर होवोत. चवळी म्हणजे 'रूबिया', म्हणून पुण्य 'यिरबू', वाढो. यादी तालमूदइतकी जुनी. तिच्यावरचा एक लेख मी तेव्हा मराठीत आणत होते आणि शब्दागणिक तळटीप देऊन वैतागले होते. (समजावून सांगितलेला श्लेष मेलेलाच असतो.)

मैत्रिणीची आई पहिल्यांदाच काकांविना सणाला बसली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी माझं रडगाणं लावलं. मावशींनी बीटाची फोड माझ्या पानात वाढली.

"एवढं काय अडतं गं? बीट खा, जगण्याचा वीट येऊ नये."

आम्ही दोघी हसलो. मग एक फोड त्यांनी स्वतःसाठी घेतली, जरा वेळ हातातच धरली आणि खाल्ली.

घरी येऊन सिल्काची तळटीप खोडली. चवळीपाशी अजून अडून आहे.